श्रीमंत देशात मृत्युदर जास्त, हे कसं काय?

कुतूहल:
मंडळी, एक शंका आहे, जरा समजावून सांगा. असाइनमेंटसाठी देशांचे मृत्युदर बघत होते. जपानचा हजारी १२-१३ च्या आसपास आणि कतारचा हजारी २ च्याही खाली. आता जपानी माणूस सरासरी ८४ वर्षं जगतो म्हणतात, मग तिथे मृत्युदर जास्त कसा? माझी समजूत अशी की पैसा आला की दवाखाने येतात, औषधं येतात आणि माणसं कमी मरतात. नुसतं उत्पन्न बघून चालतं का, की शिक्षण, नोकरी, एकटेपणा ह्यांचाही खरंच तेवढा परिणाम होतो? पुस्तकात सगळे घटक एकाखाली एक दिलेत पण कोणता घटक नेमकं काय करतो ते कुठेच नाहीये, आणि मला तेच हवंय.

गणिती:
जपानचं कोडं सोपं आहे. ढोबळ मृत्युदर म्हणजे वर्षभरातले मृत्यू भागिले लोकसंख्या, बास. जिथे म्हातारी माणसं जास्त तिथे तो वाढणारच. जपानमध्ये ६५ च्या पुढचे जवळपास ३० टक्के आहेत, आणि कतारमध्ये बहुतेक लोक बाहेरून कामाला आलेले, ऐन उमेदीतले, वय झालं की आपापल्या देशात परत जाणारे. त्यामुळे तुलना करायची तर वय-प्रमाणित दर घ्या, म्हणजे सगळ्या देशांत वयोगटांचं प्रमाण सारखंच आहे असं धरून काढलेला, नाहीतर सरळ आयुर्मान आणि बालमृत्युदर घ्या.

पैशाचं म्हणाल तर लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युअल प्रेस्टन यांचा १९७५ चा पेपर वाचाच. गरीब देशात उत्पन्न थोडं वाढलं तरी आयुर्मान झपाट्याने वर जातं, पुढे श्रीमंत देशांकडे जाताना आलेखातली रेघ सपाट होत जाते, हे सगळेच सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: १९३० च्या दशकात ज्या उत्पन्नावर लोक जेवढं जगायचे, तेवढ्याच उत्पन्नावर १९६० च्या दशकात बरीच वर्षं जास्त जगायला लागले. खिसा तेवढाच, पण मधल्या काळात लसी आल्या, प्रतिजैविकं आली, डासांचा बंदोबस्त झाला, रोग कशाने पसरतो हे लोकांना कळलं.

रातराणी:
मी लहान मुलांच्या वॉर्डात काम केलंय म्हणून शिक्षणाबद्दल लिहिते. जुलाब झालेलं मूल सुकत जातं ना, तेव्हा आधी जीभ कोरडी पडते, मग डोळे खोल जातात, रडलं तरी अश्रू येत नाहीत, लघवी बंद होते. हे सगळ्यात आधी आईला दिसतं. पण दवाखान्यात न्यायचं की नाही हे ठरवणार दुसरंच कोणीतरी, पैसे त्याच्याकडे, तो कामावर, कामावरून उठला तर त्या दिवसाची मजुरी बुडणार, मग संध्याकाळपर्यंत बघू असं होतं आणि तेच काही तास महागात पडतात. आणि उपचार काय, तर ओआरएसचं, म्हणजे मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी थोडं थोडं पाजत राहणं! इतकी स्वस्त गोष्ट आहे ही. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन काल्डवेल यांनी १९७९ मध्ये नायजेरियातल्या अभ्यासातून हेच मांडलं की आई शिकलेली असेल तर मुलं कमी दगावतात, आणि त्याचं कारण घरात पैसा जास्त असतो एवढंच नाही. शिकलेली आई कोणाची वाट न बघता मुलाला उचलून निघते, डॉक्टरांना उलट प्रश्न विचारते. मला हे शंभर टक्के पटतं.

चाफा:
रातराणीताई, अगदी नेमकं लिहिलंत. नोकरीबद्दल मी भर घालतो. लंडनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल नावाने प्रसिद्ध आहे. सगळे पुरुष, सगळे पगारदार, सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना सारखीच, तरी सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर वरच्या श्रेणीपेक्षा सुमारे तिप्पट. सिगारेट, रक्तदाब वगैरे धरूनही सगळा फरक भरून निघाला नाही. ह्या अभ्यासावर काम केलेले मायकेल मार्मट यांचा रोख यावर आहे की आपल्या कामावर आपलं काहीच चालत नाही, तो ताण वर्षानुवर्षं शरीर पोखरतो.

एकटेपणाचं विचारलंत तर १९९५ ची शिकागोतली उष्णतेची लाट बघा. ७०० च्या वर माणसं गेली. एकटी राहणारी, घराबाहेर न पडणारी, ज्यांच्याकडे कोणी डोकावत नव्हतं अशांना धोका फार होता.

कुतूहल:
बापरे, सगळ्यांचे खूप आभार. मग मंदी आली, नोकऱ्या गेल्या की मृत्युदर वाढतोच असं लिहू का?

गणिती:
नका लिहू, तिथेच गोची आहे. अमेरिकेच्या आकड्यांवरून अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर रूम यांनी २००० मध्ये दाखवलं की बेकारी वाढली की एकूण मृत्युदर उलट थोडा घटतो, रस्त्यावरचे अपघाती मृत्यू तर स्पष्टच कमी होतात. पण बरीच वर्षं केलेल्या नोकरीवरून अचानक काढलेल्या माणसाचं बघितलं तर पुढच्या वर्ष-दोन वर्षांत त्याची मरण्याची शक्यता बरीच वाढलेली दिसते. आणि सगळी व्यवस्थाच कोसळली तर वेगळंच, सोव्हिएत व्यवस्था मोडली तेव्हा रशियात १९९० ते १९९४ मध्ये पुरुषांचं आयुर्मान ६४ वरून ५८ च्या खाली आलं, त्यात दारूचा वाटा फार मोठा. तेव्हा देशाचा दर आणि एकेका माणसाची जोखीम हे दोन वेगळे परिच्छेद करा, आणि रशियाला तिसरा द्या.