८४ची पद्मिनी, फ्लोअर सडलाय: आधी इंजिन की आधी पत्रा?

खाडीकाठ
१९८४ची प्रीमियर पद्मिनी, रत्नागिरीत शेडखाली अकरा वर्षं उभी. ड्रायव्हरच्या पायाखाली ताटलीएवढं भोक. दोन्ही फूटबोर्डांत (दारांखालच्या पोकळ लांब पट्ट्यांत) स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जातो, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्याची चाळण झालीय. इंजिन फिरत नाही, ब्रेकचं पेडल थेट तळाला. आरसी २०१४ला संपली. डेंटर म्हणतो, 'वरून पत्रा मारून लांबी (पुट्टी) भरतो, आठ दिवसांत घेऊन जा.' गाडी शोभेला नको, चालवायची आहे. सुरुवात कुठून करू?

पत्राकाम
त्या डेंटरला नमस्कार करा आणि गाडी परत आणा. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते. फूटबोर्ड सडला म्हणजे गाडीचा कणा सडला. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा मारला की दोन थरांच्या फटीत खारं पाणी बसतं आणि एक-दोन पावसाळ्यांत दोन्ही जातात.

आधी सीट, मॅट, खालचं डांबर सगळं काढा. हातोडीच्या टोकाने ठोकत जा: खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत, भद्द आला तर मेला. मागच्या पाटा स्प्रिंगचे हँगर (स्प्रिंग बॉडीला जिथे अडकते ती जागा), जॅक लावायची जागा, बॅटरीखालचा ट्रे आणि पुढच्या काचेच्या रबराखालचा काठ नीट बघा. हँगरभोवतीचा पत्रा गेला असेल तर काम दुप्पट धरा.

फूटबोर्ड कापण्याआधी दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइपचे आडवे आणि तिरपे आधार टाचून घ्या. फूटबोर्ड कापण्यापूर्वी आणि नवा टाचल्यावर दारं लावून बघा, फट वरखाली सारखी हवी. एका वेळी एकच बाजू कापायची. दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर बॉडी मधे झुकते, मग दार कधीच नीट लागत नाही. बहुतेक गाड्या इथेच फसतात.

गंजलेलं कापताना स्वच्छ, चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे जा.

खाडीकाठ
पत्रा किती गेजचा? आणि गॅस वेल्डिंग चालेल का?

पत्राकाम
फ्लोअर आणि फूटबोर्डला १८ गेज, बाहेरच्या पॅनेलला २० गेज, सीआर शीट (साधा, थंड लाटलेला पत्रा). जीआय (जस्त चढवलेला) नको, जस्ताचा धूर घातक आणि वेल्ड सच्छिद्र होतो. गॅसने पातळ पत्रा तापून लाटा येतात, म्हणून सीओटू वेल्डिंग. एकदम लांब शिवण ओढू नका. वीस-पंचवीस मिलिमीटरचे टाके, एक इथे, दुसरा पलीकडे, मधे थंड होऊ द्या. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते.

घासलेल्या जागेवर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. नुसता रेड ऑक्साइड ओल आत सोडतो. लांबी हवीच तर प्रायमरवर, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत. उघड्या पत्र्यावर कधीच नाही. फूटबोर्डाच्या पोकळीत शेवटी मेण किंवा अँटीरस्ट फवारा, आणि खालची पाणी निघायची भोकं बुजवू नका. डेंटर हौसेने बुजवतात.

रंगाचं काम दिवाळीनंतर. पावसाळ्यात घासलेला पत्रा संध्याकाळपर्यंत लालसर होतो.

नळीवाला
इंजिनाला सेल्फ मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन-दोन मोठे चमचे डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं, तीन दिवस राहू द्या. मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हळूहळू मागे-पुढे हलवा. नाहीच हललं तर जोर लावू नका, हेड (सिलेंडरांवरचं झाकण) उघडा. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे हेड ताठ पट्टीखाली तपासा. ०.०५ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत गेला की प्लेनिंगला (घासून सपाट करायला) द्या. फिरायला लागलं की जुनं ऑइल काढून नवं २०डब्ल्यू-५०. कॉइलची वायर काढून, प्लग बाहेर ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फने फिरवा, मगच इंजिन चालू करा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम त्यात फुगतो, तडकतो. सगळ्या नळ्या बदला. टाकीत मूठभर नट टाकून हलवा, मग धुवा. तरीही भोक असेल तर टाकीच दुसरी शोधा.

ब्रेक मात्र दुरुस्तीत नको, सगळं नवं: चारही ड्रमचे व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडरचं किट, रबरी होज, गंजलेले लोखंडी पाइप. जुन्या गाड्यांत सर्किट एकच, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. ब्रेक ऑइल डॉट ३. चुकून इंजिन ऑइल गेलं तर आतले सगळे रबरी कप फुगतात, पुन्हा पहिल्यापासून. हवा काढताना आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बघा. टॅक्सीवाल्यांमुळे वर्षानुवर्षं पद्मिनीचा माल मिळायचा. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून लागणारा पार्ट दिसला की घेऊन ठेवलेला बरा.

आरसीबुक
हे सगळं करण्याआधी कागद. पंधरा वर्षांनंतर आरसीचं (नोंदणीचं) नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं, फॉर्म २५वर. उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो, त्यात पर्यावरण कर, विमा, पीयूसी, एचएसआरपी (नवी सुरक्षित नंबर प्लेट). आधी आरटीओत थकबाकी विचारा. व्हिंटेज नोंदणीला पन्नास वर्षं लागतात, ८४ची अजून बसत नाही. बसली असती तरी रोज चालवायला ती नोंदणी चालत नाही.

आणि चेसिस नंबर कोरलेला पत्रा डेंटरच्या ग्राइंडरखाली जाऊ देऊ नका. तपासणीला त्याची पेन्सिलने छाप घेतात. आज हातानेच हळू पुसा, फोटो काढा, छाप घेऊन ठेवा आणि वर टेप चिकटवा.