नोकरदारांसाठी ऑनलाइन मराठी: अक्षरं आधी की बोलणं आधी?
(चौघांची ऑनलाइन चर्चा. खडूफळा, अनुस्वार, कानामात्रा आणि उजळणी ही त्यांची टोपणनावं.)

खडूफळा
नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत आलेल्या अमराठी माणसाला ऑनलाइन मराठी शिकवताना बाराखडीपासून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याच्याकडे रोज जेमतेम पाव तास असतो. त्या वेगाने स्वर, व्यंजनं, जोडाक्षरं उरकेपर्यंत महिना उलटतो आणि वॉचमनशी बोलायला एक वाक्यही हाताशी नसतं. मग माणूस वर्ग सोडतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

आराखडा ८ आठवड्यांचा. रोज १२ मिनिटं: ३ मिनिटं उजळणी, ५ मिनिटं नवा संवाद, ४ मिनिटं स्वतःच्या आवाजात रेकॉर्डिंग. नवे शब्द रोज ६. आठवड्यातून एकदा ४० मिनिटांचा थेट वर्ग, त्यात सहाच माणसं. त्याहून जास्त झाली की प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटंही बोलणं येत नाही. पहिले चार आठवडे देवनागरी नाही, रोमन लिपीत काम चालवायचं.

पहिला धडा भाजीवाल्याकडचा:
– कोथिंबीर कशी दिली?
– पंधराला जुडी.
– दोन द्या.
– सुट्टे आहेत का?

इथे 'कशी' का, हे सांगत बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी 'कांदा कसा दिला?', तिसऱ्या दिवशी 'टोमॅटो कसे दिले?' फरक कान आपोआप टिपतो.

अनुस्वार
आधी बोलणं, हे मान्य. रोमन मात्र अजिबात नको. रोजच्या रोमनमध्ये ल आणि ळ यांना एकच अक्षर, अ आणि आ यांनाही बहुधा एकच, त्यामुळे काल, काळ, कळ आणि कल हे चारही शब्द कागदावर सारखेच दिसतात. मूल-मूळ, वेल-वेळ यांचंही तेच. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम बोलणाऱ्याच्या तोंडात ळ जन्मापासून असतो. रोमन वाचायला लावून आपण तो काढून घेतो आणि पाचव्या आठवड्यात परत बसवायला जातो.

शिवाय हिंदीभाषकाला देवनागरी येतेच, त्याच्यासाठी ती चार आठवडे लांबवण्यात काय अर्थ? त्याची अडचण उलटी आहे: अक्षरं ओळखीची, पण ळ जिभेवर नाही. म्हणून तुकड्या दोन करा. ज्यांना लिपी नवीन आहे त्यांना रोज चारच अक्षरं, तीही त्या दिवशीच्या संवादातली. कन्नड-तेलुगूवाल्यांना क-ख-ग-घ हा क्रम पाठच असतो. त्यांच्या अक्षराशेजारी आपलं अक्षर मांडलेला एक तक्ता द्या, बाराखडी घोकावी लागणार नाही.

खडूफळा
ळ चा मुद्दा बिनतोड आहे, रोमन मागे घेतो. पण देवनागरीही सगळं सांगत नाही. 'माझा' आणि 'माझी' यांत झ एकच, उच्चार दोन. 'चोर' आणि 'चित्र' यांचा च वेगळा, 'पाच'मधला च चोराच्या जातीचा. अक्षर आधी दाखवलं की हिंदीभाषक ते हिंदीच्या सवयीने वाचतो आणि 'माझा' कायमचा बिघडतो. म्हणून प्रत्येक वाक्य तीनदा ऐकल्याशिवाय पडद्यावर अक्षर उमटूच नये.

कानामात्रा
तीनदा ऐकवणं पटलं. 'कान आपोआप टिपतो' हे मात्र पटत नाही. लहान मुलाच्या कानावर दिवसभर मराठी पडते. तुमच्या विद्यार्थ्याच्या कानावर, थेट वर्ग सोडला तर, आठवड्याला ८४ मिनिटं, तीही सगळे दिवस पाळले तर. एवढ्यात तीन लिंगं ऐकून उमजत नाहीत. हिंदीभाषकाला तर आधीची सवय आडवी येते: त्याच्याकडे पुस्तक स्त्रीलिंगी, आपल्याकडे ते पुस्तक, त्याचा आवाज स्त्रीलिंगी, आपला पुल्लिंगी, त्याचा मजा 'आला', आपली मजा 'आली'. शब्दाच्या कार्डावर नुसतं 'पुस्तक' कधीच लिहू नका, 'ते पुस्तक' लिहा.

सामान्यरूपाचंही, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द बदलतो त्याचंही, तसंच. रस्ता-रस्त्यावर, शाळा-शाळेत, भिंत-भिंतीवर, घर-घरात. चार ओळींचा तक्ता समजायला दोन मिनिटं लागतात. तेवढी वाचवून काय साधणार?

आणि एक, जे हटकून राहून जातं: 'मी जातो' आणि 'मी जाते' दोन आवाजांत रेकॉर्ड करा. तमिळ किंवा तेलुगूत 'मी'च्या क्रियापदाला लिंग नसतं. धड्यात फक्त बाईंचा आवाज असेल, तर तिकडचा पुरुष बिनदिक्कत 'मी येते' म्हणत राहतो, आणि ऑफिसात लोक हसले की बोलणंच बंद करतो.

उजळणी
लिपी आणि व्याकरणावर बोलणं चाललंय, पण वर्ग फुटतो तो खाडा पडल्यावर. महिनाअखेर आली, चार दिवस सुटले, पाचव्या दिवशी ॲप उघडलं तर साठ-सत्तर कार्डं साचलेली. माणूस ते बंद करतो ते कायमचंच.

उजळणीचं अंतर वाढवत न्यायची पद्धत जुनी आहे. भाषाशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक पॉल पिम्सलर यांनी १९६७ मध्ये काही सेकंदांपासून दोन वर्षांपर्यंत वाढत जाणारं वेळापत्रक मांडलं होतं. ते चांगलंच आहे, पण खाडे पडणाऱ्या माणसासाठी त्याला कुंपण हवं. उजळणीची कार्डं दिवसाला १५ च, उरलेली उद्या. साचलेली कार्डं ३० च्या खाली येईपर्यंत नवा शब्द नाही. धडे आठवड्याला पाचच, दोन दिवस मोकळे. म्हणजे ८ आठवड्यांत २४० शब्द होतात, सुरुवातीला पुष्कळ. सलग किती दिवस आलात ते मोजणारा आकडा काढूनच टाका, तो एकदा तुटला की परत यायची इच्छाही तुटते. आणि थेट वर्ग त्या आठवड्याच्या धड्यावर बेतू नका, मागच्या आठवड्याच्या धड्यावर बेता. नाहीतर खाडा पडलेला माणूस शरमेने तिथेही येत नाही.

खडूफळा
१५ चं कुंपण आणि मागच्या आठवड्याचा वर्ग, दोन्ही घेतो. दोन आवाजही. सामान्यरूपाचा तक्ता मात्र पाचव्या दिवशी, चार दिवस ऐकून झाल्यावर. आधी दिला तर माणूस बोलताना मनात तक्ता चाळत बसतो आणि भाजीवाला पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो.

कानामात्रा
पाचव्या दिवसापर्यंत त्याने 'रस्तावर' चार वेळा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं असेल, ते कोण पुसणार? पहिल्याच दिवशी द्या. नाहीतर एका तुकडीला तक्ता पहिल्या दिवशी द्या, दुसरीला पाचव्या, आणि सहाव्या आठवड्यात दोन्ही तुकड्यांना न शिकवलेला शब्द विचारा: 'कट्टा'. किती जण 'कट्ट्यावर' म्हणतात आणि किती 'कट्टावर', ते मोजा आणि इथे लिहा.