शूमानचं ‘आठवण’ : गाणं की रडगाणं?

मंद्रसप्तक
जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानच्या, मुलांसाठी लिहिलेल्या पियानोच्या अल्बममधली (ओपस म्हणजे रचनाक्रमांक ६८, १८४८) २८वी रचना, ‘आठवण’. जेमतेम पानभर. शीर्षकासोबत तारीख आहे, ४ नोव्हेंबर १८४७. त्या दिवशी लाइपझिगमध्ये त्याचा मित्र, संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन गेला, वय अवघं ३८. झालं, तारीख दिसली की जो तो ही रचना प्रेतयात्रेच्या चालीने वाजवतो. दर ओळीच्या शेवटी थांबायचं, उसासा सोडायचा, मग पुढे.

मला हे पटत नाही. शूमानची सूचना एवढीच : जलद नको, आणि अगदी गात गात वाजवा. ‘दुःखाने’ असं कुठेही नाही. स्केल ए मेजर, म्हणजे उजळ, रडवं नव्हे. वळण थेट मेंडेल्सोनच्या ‘शब्दांविना गीतां’चं, म्हणजे त्याच्या गाण्यासारख्या छोट्या पियानो-रचनांचं. गेलेल्या मित्राची आठवण त्याच्याच आवाजात काढलीय, त्यात आपण हुंदके कशाला घालायचे?

काळी पाच
मग तारीख छापली कशाला? याच अल्बममधल्या २१, २६ आणि ३० क्रमांकांना शूमानने नावसुद्धा दिलेलं नाही, नुसते तीन तारे. इतका हातचं राखून बोलणारा माणूस इथे दिवस, महिना, वर्ष लिहितो. ते वाचूनही वाजवण्यात काहीच बदलत नसेल तर कमाल आहे.

मंद्रसप्तक
बदलू दे ना, पण कुठे? माझ्या दहा वर्षांच्या विद्यार्थिनीला मी मेंडेल्सोनची गोष्ट सांगितली, तर तिने डावा हात इतका जड केला की सुरावट बुडालीच. शेवटी पियानो बंद करून वरची ओळ तिच्याकडून तोंडाने म्हणून घेतली. गाताना कोणी मधेच उसासे टाकत नाही. पुन्हा वाजवायला बसली तेव्हा ते थांबे गळून पडले होते.

टिकटिक
शूमानचा स्वतःचा नियमही आहे : तालात वाजवा, कित्येक नामांकितांचं वाजवणं दारुड्याच्या चालीसारखं असतं. विषय संपला.

काळी पाच
संपला कसा? ताल म्हणजे मेट्रोनोम, ते ठोके मोजणारं यंत्र, नव्हे. आणि मेंडेल्सोन त्याला कोणी लांबचा गुरुवर्य नव्हता, जेमतेम सव्वा वर्षाने मोठा. शूमानची पहिली सिंफनी १८४१मध्ये त्यानेच पहिल्यांदा वाजवून घेतली. पुढे शूमानच्या धाकट्या मुलाचं नावही फेलिक्स. एवढं जवळचं माणूस गेल्यावर शेवटच्या ओळीत वेग जरा सैल पडला तर त्याला रडगाणं म्हणायचं?

मंद्रसप्तक
शेवटची ओळ दिली तुम्हाला! माझं भांडण पहिल्या ओळीपासून सैल सोडणाऱ्यांशी आहे.

काळी पाच
चालेल. पण गोष्ट सांगायची कधी? माझ्या मते आधीच. नाहीतर मुलं याचा सरावाचा धडा करून टाकतात, खडखड खडखड.

मंद्रसप्तक
आधी सूर बसू द्या, मग सांगा. इथे मी हटणार नाही.