मल्टीबीम नकाशातले उंचवटे: प्रवाळ की दगड?

सागरतळ:
नॉर्वेच्या शेल्फच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ सागरतळाच्या) कडेचा, ३०० ते ४०० मीटर खोलीचा मल्टीबीम (ध्वनिलहरींनी खोली मोजून काढलेला) नकाशा अभ्यासतोय. यातले लोफेलियाचे (थंड, खोल पाण्यातल्या प्रवाळाचे) उंचवटे कुठले आणि नुसते दगडगोटे कुठले, हे आरओव्ही (केबलवरून चालवायचं कॅमेरायान) पाण्यात सोडण्याआधी कळेल का? आणि व्हिडिओवरून जिवंत प्रवाळाचं प्रमाण कसं काढायचं?

खोलपाणी:
'दगड की प्रवाळ' अशी सरळ फाळणी तिथे होत नाही. हिमयुगात हिमनगांनी तळ खरवडून चर पाडले आणि चरांच्या काठाला दगडांचे बांध राहिले. प्रवाळाच्या अळीला टेकायला कठीण जागा लागते, म्हणून वसाहती बऱ्याचदा त्या बांधांवरच असतात. नकाशात लांबट, सगळे एकाच दिशेला वळलेले उंचवटे शोधा. नॉर्वेच्याच त्रेना भागात ते चिरूटासारखे आहेत: प्रवाहाकडच्या तोंडाला जिवंत प्रवाळ, मागे मेलेलं शेपूट. आरओव्ही शेपटाकडून प्रवाहाच्या विरुद्ध न्या, म्हणजे उडालेला गाळ मागे वाहून जातो.

तळापासून उंची एक ते दीड मीटर, वेग अर्ध्या नॉटच्या आत. मोजपट्टी म्हणून दोन लेझर समांतर, १० सेंटिमीटर अंतरावर. झूमला हात लावू नका, चौकटीचं क्षेत्रफळ बदलतं. यूएसबीएलच्या (ध्वनीवरून आरओव्हीची जागा सांगणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदी मीटर-मीटरने उड्या मारतात. त्या गुळगुळीत न करता अंतर मोजलं तर वाट खऱ्यापेक्षा लांब भरते आणि प्रवाळाची घनता कमी येते.

ठरावीक सेकंदांनी एक फ्रेम घ्या, लेझर न दिसणाऱ्या टाका, उरलेल्यांवर बिंदूंची जाळी ठेवून प्रत्येक बिंदूखाली काय आहे त्याचे तीन वर्ग करा: जिवंत, उभा मृत सांगाडा, तुकडे. जिवंत प्रवाळ पांढरं असतं तसं नारिंगीही असतं. आणि जिवंत टक्का कमी आला म्हणून ती जागा कमी मोलाची समजू नका. मृत सांगाड्याच्या फटींत स्पंज, शेवाळप्राणी (ब्रायोझोआ, वसाहतीने राहणारे बारीक प्राणी), कृमी जास्त दाटीने राहतात.

जाळंदोरी:
तुकड्यांच्या वर्गाचे पुन्हा दोन भाग करा. आपोआप मोडलेले तुकडे उंचवट्याच्या पायथ्याशी पसरतात. ट्रॉलने (तळावरून ओढल्या जाणाऱ्या मासेमारीच्या जाळ्याने) मोडलेले सरळ पट्ट्यात असतात, शेजारी जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळ्यांचे समांतर चर दिसतात. साइड-स्कॅनवर (तळाचं ध्वनिचित्र काढणाऱ्या सोनारवर) ते लगेच कळतात. प्रवाळाची वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर अडीच सेंटिमीटर, त्यामुळे असा पट्टा दिसला की त्याची जागा नोंदवाच. नॉर्वेतल्या रोस्टची ३५ किलोमीटरहून लांब प्रवाळरांग २००२ मध्ये सापडली आणि पुढच्याच वर्षी तिथे तळट्रॉलिंग बंद झालं, ते नकाशा हातात होता म्हणून.

सागरतळ:
हीच पद्धत कोकणासमोरच्या समुद्रातल्या आंग्रिया बँकेला (पाण्याखालच्या उंचवट्याला) चालेल?

खोलपाणी:
लेझर, फ्रेम, जाळी, हे चालेल. उंचवटे ओळखायचे निकष नाही. आंग्रियाचा माथा साधारण २० मीटरवर आहे, तिथलं प्रवाळ अंगातल्या शैवालामुळे उजेडावर जगतं. लोफेलियाच्या अंगात शैवाल नसतं, ते प्रवाहातून येणारे प्लवक (तरंगणारे बारीक जीव) खातं. कोकणासमोरच्या उतारावर तर सुमारे १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन फार कमी आहे. तिथे नॉर्वेसारखी रांग धरून चालू नका.