पासफ्रेज म्हणे चोवीस तास लक्षात ठेवा!

वाळूजकर: काल इथं एकानं जीपीजीबद्दल (मेल-फाइली एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम) सल्ला दिला: ‘किल्लीचा पासफ्रेज (लांब पासवर्ड) जीपीजी सतत विचारून डोकं खातंय? एजंटच्या, म्हणजे पासफ्रेज लक्षात ठेवणाऱ्या भागाच्या, फाइलीत डीफॉल्ट-कॅश-टीटीएल (किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा) 86400 करा, सकाळी एकदा टाका अन् दिवसभर निवांत.’ खाली अंगठ्यांची रांग. म्हणून लिहावं लागतंय. एक तर तेवढ्यानं काम होतच नाही. त्याच्या डोक्यावर मॅक्स-कॅश-टीटीएल, म्हणजे जास्तीत जास्त मुदत, बसलेला असतो, मूळचा 7200 सेकंद. दोन तास झाले की किल्ली कितीही वापरात असो, पुन्हा विचारणारच. आणि डीफॉल्टचे मूळचे 600 सेकंद काही कुणी झोपेत लिहिले नाहीत. दहा मिनिटं किल्लीला हात लागला नाही तर विसरायचं, लागला तर दहा मिनिटं परत पहिल्यापासून. आमच्या वर्कशॉपला जर्मनीचं गिऱ्हाईक ड्रॉइंग एन्क्रिप्ट करूनच पाठवतं. शिफ्ट बदलताना त्या पीसीवर कुणीही येऊन बसतं. तिथं चोवीस तास? मग कुलूप लावताच कशाला?

गंजगोलाई: सल्ला माझाच होता. मॅक्सचं सांगितलंत, उपकार झाले. दोन्हीकडं 86400 लिहितो. पण काहून एवढं तापायचं? दर दहा मिनिटाला विचारलं की माणूस पासफ्रेज आखूड करतो. आमच्या वकिली ऑफिसात एकानं स्वतःचा मोबाईल नंबरच ठेवला, कारण समोर पक्षकार बसलेला अन् ह्याचं टाइपिंग चालूच. माझा सात शब्दांचा आहे, दिवसातून एकदाच टाकतो म्हणून परवडतो. शिवाय मशीनमध्ये कीलॉगर शिरला असेल तर जितक्यांदा टाकाल तितकी त्याची चांदी.

वाळूजकर: कीलॉगरला एकदाच पुरतं, साहेब.

गोदाकाठ: वेळेचं राहू द्या, सात शब्द मराठीतून टाकून बघा! चौकटीत नुसते ठिपके, कीबोर्ड मराठीवर आहे का इंग्रजीवर कळायला मार्ग नाही. माझ्या पासफ्रेजमध्ये ‘सोयऱ्याच्या’ होतं. घरच्या लॅपटॉपवर चालायचं, ऑफिसात ‘चुकीचा पासफ्रेज’. लई डोकं फोडल्यावर कळलं: एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर जातं, दुसऱ्यावर ‘र’, हलंत अन् त्यामागं एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला एकच, मशीनला वेगळे बाइट. जीपीजी बाइट बघतं, अक्षर नाही.

परभणीकरीण: म्हणून मी मराठीच शब्द रोमन अक्षरांत टाकते. कटकट नाही.

गोदाकाठ: म्हणजे पासवर्डलासुद्धा आपली लिपी नको? उद्या सातबाराही रोमनमध्ये मागा.

परभणीकरीण: सातबारा ठिपक्यांत टाइप करावा लागत नाही. अन् किल्ली उघडलीच नाही तर अभिमान ठेवायचा कुठं?

गोदाकाठ: असल्या टोमण्यांनीच मराठी कीबोर्ड मागं राहिले.

गंजगोलाई: अरे, ‘ऱ’ नसलेले शब्द घ्या ना! मराठीत काय दुष्काळ पडलाय?

गोदाकाठ: घेतले. राग मात्र गेला नाही.

परभणीकरीण: मूळ वादावर एक. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमच्या आवृत्ती 78 पासून ओपनपीजीपी (जीपीजी वापरतं तीच एन्क्रिप्ट करायची पद्धत) त्याच्या आतच आहे, त्यासाठी वेगळं जोडावं लागणारं एनिगमेल गेलं, अन् सरळ बसवलं तर ते जीपीजीच्या एजंटला विचारतही नाही. तिथं प्रायमरी पासवर्ड (थंडरबर्डचा स्वतःचा एकच पासवर्ड) लावला तर उघडताना एकदा विचारतं, बंद करेपर्यंत विषय संपला. लावलाच नसेल तर सहसा विचारतच नाही. तेव्हा 600 का 86400 यावर भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांना हा आकडा लागू तरी आहे का, ते आधी बघा.

वाळूजकर: आम्ही क्लिओपात्रावाले (जीपीजी खिडक्या-बटणांनी चालवायचा प्रोग्रॅम), आम्हाला आहे. ठीक, मशीन एकट्याचं असेल अन् डिस्क एन्क्रिप्ट असेल तर ऑफिसच्या वेळेपुरतं ठेवा, माझी ना नाही. पण स्क्रीन लॉक केली म्हणून एजंट विसरत नाही, एवढं डोक्यात ठेवा. क्लिओपात्राच्या टूल्समध्ये पासफ्रेज कॅश पुसायचा पर्याय आहे. जेवायला उठताना तेवढं करत जा.

गंजगोलाई: आमच्याकडं जेवायला उठतंय कोण? डबा टेबलावरच उघडतो, पक्षकारासमोर.