मदत हवी आहे: दहावीतला भाचा आणि व्हेप

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखं दिसणारं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडलंय. आंब्याचा गोड वास, त्यामुळे घरात कुणाला संशयच आला नाही. पण खरी काळजी वेगळीच आहे. क्लास बुडवणं, आजीच्या बटव्यातले पैसे गायब होणं, आणि आता सात रस्त्याजवळ मारामारी. हे व्हेपमुळे, की संगतीमुळे व्हेप आलं? २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे, मग पोरांना देतंय कोण? दाजी पट्टा काढायला निघालेत, कसंबसं थांबवलंय. या वयाच्या मुलांशी नीट बोलणारे समुपदेशक सोलापुरात कुणाला माहीत आहेत का? तंबाखू सोडण्यासाठीच्या १८००-११-२३५६ या हेल्पलाइनचा अनुभव आहे का? शाळेला आत्ताच सांगावं का?