शोधनिबंधाची अट आणि उणे ऐंशीचा फ्रीजर

खाडीकाठ, रत्नागिरी:
'यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ साली प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली आणि जीवशास्त्रातली पीएचडी स्वस्त झाली,' असे काल एका प्राध्यापकांनी येथे लिहिले. सक्ती असताना काय छापले जात होते, ते त्यांनी आठवून पाहावे. पैसे भरताच छापून देणाऱ्या नियतकालिकांचे पीक त्याच सक्तीवर पोसले. माझे काम कालवांच्या, म्हणजे खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांच्या, प्रजननचक्रावर होते. त्याला दोन वर्षांचे मासिक नमुने लागले आणि तेही उधाणाच्या ओहोटीलाच, कारण भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत खालचे खडक उघडे पडत नाहीत. असे काम घाईने छापायचे म्हणजे अर्धवट छापायचे.

दापोलीकर:
त्या सक्तीमुळे निदान एकदा तरी त्रयस्थाकडून कान उपटून घ्यावे लागत. आता मार्गदर्शक प्रसन्न झाले की काम झाले.

खाडीकाठ:
प्रबंध आजही दोन बाह्य परीक्षक तपासतात.

दापोलीकर:
आणि त्यांची नावे कोण सुचवतो, हेही लिहावे.

मुळे-तिसऱ्या:
परीक्षकांपर्यंत नमुने टिकायला तर हवेत! ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले आणि आमच्याकडची वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. नमुने ठेवलेल्या उणे ऐंशी अंश सेल्सिअसच्या फ्रीजरचे दार उघडले तेव्हा बर्फाचे पाणी पायांवर आले, नळ्यांवरची अक्षरे पुसली होती आणि आरएनए या पेशीतल्या रेणूच्या अभ्यासासाठी ठेवलेल्या ऊतींचा वास जिन्यापर्यंत पोचला होता. अल्कोहोलमधले तेवढे वाचले. जनरेटर होता, पण 'डिझेल खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे?' असे मार्गदर्शकांनी विचारले होते.

दापोलीकर:
दुःखद आहे, परंतु नमुन्यांचा दुसरा संच अन्यत्र ठेवायचा असतो, हे पीएचडीच्या सुरुवातीच्या कोर्सवर्कमध्ये शिकवतात.

मुळे-तिसऱ्या:
कोर्सवर्कमध्ये आम्हांला संख्याशास्त्राच्या स्लाइड वाचून दाखवल्या गेल्या. दुसरा उणे ऐंशी आमच्या तालुक्यात कोठे आहे, ते आपण सांगावे. बर्फाची पेटी घेऊन मी एसटीने येईन.

खाडीकाठ:
मासळीवर काम करणाऱ्यांचे तर १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असल्यामुळे दरवर्षी दोन महिन्यांचे नमुने हुकतात. पीएचडीची सहा वर्षांची मुदत मात्र पावसाळ्यातही चालूच असते.

दापोलीकर:
डिझेलचे मान्य आहे, मुदतीचेही अर्धे मान्य आहे. मात्र ज्यांचा फ्रीजर कधीच बंद पडला नाही, त्यांनीही काही छापलेले नाही. त्यांच्यासाठी कोणते वादळ शोधायचे?